विश्लेषण : दोन गुंठ्यांच्या चौरस प्लॉटची बाजू ६६ फूट का नसते? समजून घ्या व्यस्त आणि वर्गमूळ

एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, हे गावाकडे पोरासोरांनाही पाठ असते. मग दोन गुंठ्यांचा चौरस प्लॉट केवढा? पटकन उत्तर येते, ६६ बाय ६६. प्रत्यक्षात तेवढ्या जागेत चार गुंठे बसतात. दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू भरते साधारण ४६ फूट ८ इंच. कुंपणाची तार किती लागेल, घराचा नकाशा बसेल का, हे सगळे या एका आकड्यावर ठरते. हा आकडा मिळतो वर्गमूळातून, आणि वर्गमूळ समजायचे तर आधी व्यस्त समजायला हवे.

व्यस्त म्हणजे नेमके काय?

केलेली क्रिया उलटवून पुन्हा मूळ संख्येवर आणणारी क्रिया, ती व्यस्त क्रिया. सातमध्ये पाच मिळवले तर बारा. बारातून पाच वजा केले की पुन्हा सात. गुणाकार उलटवायचा तर भागाकार. शाळेच्या पुस्तकातले ‘बेरीज व्यस्त’ आणि ‘गुणाकार व्यस्त’ यातूनच आले. ५ ची बेरीज व्यस्त −५, कारण दोघांची बेरीज शून्य. ५ चा गुणाकार व्यस्त १/५, कारण गुणाकार १. शून्याला मात्र गुणाकार व्यस्त नाही. शून्याला कशानेही गुणले तरी १ येत नाही, म्हणून कॅल्क्युलेटर शून्याने भागायला नकार देतो.

बिलात चूक कुठे होते?

वस्तूची किंमत १८ टक्के जीएसटीसह १,१८० रुपये आहे. कर वगळून किंमत किती? बरेच जण १,१८० मधून १८ टक्के वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे काढतात. खरे उत्तर १,००० रुपये. १८ टक्के वाढवणे म्हणजे १.१८ ने गुणणे; त्याची व्यस्त क्रिया १.१८ ने भागणे, १८ टक्के कापणे नव्हे. कर मूळ किमतीवर लागला होता, कपात मात्र वाढलेल्या किमतीवर केली, तिथेच ३२ रुपये ४० पैशांचा घोळ झाला. शेअर ५० टक्के घसरला, तर पूर्वीच्या भावावर यायला त्याला १०० टक्के वाढावे लागते, तेही याच कारणाने.

मग वर्गमूळ?

वर्ग करण्याची व्यस्त क्रिया. ३३ चा वर्ग १,०८९, म्हणून १,०८९ चे वर्गमूळ ३३. इथे एक मेख आहे. ३ चा वर्ग ९ आणि −३ चा वर्गही ९. वर्ग करताना चिन्ह हरवते, ते परत मिळवता येत नाही. म्हणून √ या चिन्हाचा अर्थ शून्य किंवा धन उत्तर असा ठरवलेला आहे : √९ म्हणजे ३. पण ‘क्ष चा वर्ग ९’ असे समीकरण दिले, तर उत्तरे दोन, ३ आणि −३. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच. प्लॉटची बाजू ऋण नसते, त्यामुळे जमिनीच्या हिशेबात ही अडचण येत नाही.

दुसरी नेहमीची चूक बेरजेची. √(९+१६) म्हणजे √२५, अर्थात ५. पण √९ आणि √१६ यांची बेरीज ७. बेरीज आधी, वर्गमूळ नंतर.

कॅल्क्युलेटरशिवाय काढता येते?

येते, आणि सोपे आहे. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. अंदाजाने ४६ घ्या. २,१७८ ला ४६ ने भागा, सुमारे ४७.३५ येतात. खरे वर्गमूळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार, म्हणून सरासरी काढा : सुमारे ४६.६७. त्याचा वर्ग २,१७८.०९. एकाच फेरीत काम झाले!

क्षेत्रफळ दुप्पट केले की बाजू √२ पट, म्हणजे सुमारे १.४१४ पट होते. यज्ञवेदीच्या मापांसाठी भारतात हा प्रश्न फार जुना. बौधायन शुल्बसूत्रात √२ साठी दिलेल्या रीतीतून ५७७/४०८ हा अपूर्णांक येतो. तो दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत बरोबर आहे.

हाच आकडा झेरॉक्सच्या दुकानातही भेटतो. ए-४ कागद २९७ बाय २१० मिलिमीटरचा. भागाकार सुमारे १.४१४. ए-३ त्याच्या दुप्पट. म्हणून ए-४ वरचा मजकूर ए-३ वर मोठा करायचा तर मशिनवर १४१ टक्के लावतात आणि उलट लहान करायचा तर ७१ किंवा ७० टक्के. १.४१ ला ०.७१ ने गुणून पाहा, उत्तर १ च्या अगदी जवळ येते.