पुण्याचे मराठी ज्यू : पुस्तक, कीर्तन आणि गाण्यांच्या वह्या

भांडगावहून पुण्याकडे निघालेली गाडी यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर मागे टाकत हडपसरला पोहोचते आणि पुढे कॅम्पात शिरते. तिथे मोलेदिना रस्त्यालगत लाल विटांचा उंच मनोरा लक्ष वेधून घेतो. पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. हे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचे प्रार्थनास्थळ. बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतले. १८६७ मध्ये ते पूर्ण झाले. ते पाहायला ससून राहिले नव्हते. १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर याच आवारात आहे.

पुण्याचे दुसरे सिनेगॉग रास्ता पेठेत आहे: सुक्कथ शेलोमो, १९२१ सालचे. ते मुख्यतः बेने इस्राएल समाजाचे. या लोकांची घरची भाषा मराठी आणि आडनावे केहिमकर, तळकर, दिवेकर, अष्टमकर अशी, कोकणातल्या गावांची खूण सांगणारी. कित्येक पिढ्या ते किनाऱ्यालगत तेलघाणा चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारपाजारचे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, ही आठवण त्यांनी तोंडी परंपरेने जपली.

या समाजाने आपला धर्म आणि इतिहास स्वतः अभ्यासला, लिहिला आणि एकमेकांना शिकवला. बाहेरून पंडित येऊन सांगतील, याची वाट पाहिली नाही. त्याचा एक ठळक पुरावा पुण्यातच छापला गेला.

पेसाह हा मिसरमधल्या गुलामीतून सुटकेचा सण. त्या रात्री घरातली सगळी मंडळी एकत्र बसतात आणि हगादा नावाचे पुस्तक वाचतात. घरातले धाकटे मूल विचारते, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि मोठी माणसे ती कथा सांगतात. सण आणि शिकवणी एकाच बैठकीत होते. हिब्रू शब्द कळत नसतील तर ही शिकवणी अपुरी राहते. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगाद्याने ही अडचण दूर केली: हिब्रू मजकुराबरोबर मराठी अनुवाद. मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर यांनी तो सिद्ध केला. या पुस्तकाची चित्रे नीट पाहण्यासारखी आहेत. युरोपातल्या हगाद्यांच्या धर्तीवर काढलेल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची रोटी करताना दिसतात. पुस्तक उघडणाऱ्या बाईला त्यात आपलेच घर दिसले असणार.

शिकणे पुस्तकापुरते राहिले नाही. १८८० मध्ये मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी बायबलमधल्या कथांवर कीर्तन सुरू केले. मराठी घरांना कीर्तन ओळखीचे, त्यामुळे अब्राहम, योसेफ यांच्या गोष्टी अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोहोचल्या. १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळाही उभी राहिली. ती उभारण्यात पुढाकार घेणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा मोठा इतिहास लिहिला. हस्तलिखित १८९७ मध्ये तयार होते, पण ते ग्रंथरूपात आले १९३७ मध्ये, तेही तेल अवीवमध्ये. मधल्या चाळीस वर्षांत लेखक निवर्तले. तरीही आज या समाजावर संशोधन करणाऱ्याला केहिमकर टाळून पुढे जाता येत नाही; चालीरीती, सण, घराणी यांची त्यांनी केलेली नोंद घरातल्या माणसाची आहे.

बायकांनी दुसरीच वाट धरली. लग्न, मेंदी अशा प्रसंगी म्हणायची मराठी गाणी त्यांनी वह्यांत उतरवून ठेवली. भारताच्या स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले, तेव्हा या वह्याही गेल्या. तिथे स्त्रिया पुन्हा गायला बसल्या.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता राज्यात त्यांची संख्या काही हजारांत आहे. म्हणूनच पुण्यातल्या घरांत असलेल्या जुन्या वह्या, लग्नपत्रिका, फोटो आणि ज्येष्ठांच्या आठवणी आत्ताच टिपायला हव्यात. कागद कोणाच्या घरचा, फोटोत कोण, गाणे कोणाकडून आले, हे ज्येष्ठांना विचारून कागदाच्या मागेच लिहून ठेवले, तर पुढच्या अभ्यासकाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात : नवगावची दफनभूमी आणि अलिबागचे मागेन अबोथ सिनेगॉग.