‘सगळेच घरी जा’: आर्थिक अरिष्टात सरकार आणि विरोधी पक्ष या दोघांवरचा रोष

संसदीय लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकांत विरोधी पक्षाचे वर्णन बहुधा ‘पर्यायी सरकार’ असे केलेले असते. सत्ताधारी चुकले की लोक नाराज होतात, नाराज लोक विरोधकांकडे वळतात आणि पुढच्या निवडणुकीत सत्ता बदलते. तुम्ही परीक्षेत हेच लिहिता आणि एरवी ते बरोबरही असते. परंतु देशाचा अर्थव्यवहारच कोसळतो तेव्हा हे चक्र अडकते. लोक सरकारवर संतापलेले असतात आणि विरोधी पक्षाचे नावही त्यांना ऐकवत नाही. असे का होते आणि त्या संतापाचे पुढे काय होते, हे आपण श्रीलंकेच्या 2022 मधील उदाहरणावरून समजून घेऊ.

श्रीलंकेच्या संसदेत 225 सदस्य असतात. त्यांपैकी 196 जिल्ह्यांतून निवडून येतात आणि 29 जागा पक्षांना राष्ट्रीय यादीतून मिळतात. 2022 च्या आंदोलनात ‘गोटा, घरी जा’ ही घोषणा राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांच्यासाठी होती. तिच्या जोडीने दुसरीही घोषणा फिरत होती: ‘225 पैकी एकही नको’. या आकड्यात सत्ताधारी होते तसेच विरोधी बाकांवरचे सगळे होते. या टिपणाचा विषय ही दुसरी घोषणा आहे.

पैसा कसा संपला

आधी अरिष्टाची थोडक्यात उजळणी करू. नोव्हेंबर 2019 मध्ये गोटाबाया 52 टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले आणि त्यांनी लगेच करकपात केली. मूल्यवर्धित कराचा, म्हणजे व्हॅटचा, दर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आला. काही महिन्यांतच कोविड आला आणि 2019 च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनी आधीच खिळखिळे झालेले पर्यटन बंद पडले. सरकारचा महसूल घटला, पतमानांकन घसरले आणि परदेशी बाजारातून नवे कर्ज मिळेनासे झाले. जुन्या कर्जाचे हप्ते मात्र डॉलरमध्येच फेडायचे होते.

2019 च्या अखेरीस सुमारे 7.6 अब्ज डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी मार्च 2022 पर्यंत 2 अब्जांच्या खाली आली. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले, की प्रत्यक्ष वापरता येतील असे डॉलर 5 कोटीसुद्धा उरलेले नाहीत. मधल्या काळात, 2021 मध्ये, रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली गेली. सेंद्रिय शेतीचे कारण पुढे केले होते. डॉलर वाचवणे हाही हेतू होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भात आणि चहा या दोन्ही पिकांना फटका बसला आणि त्याच वर्षी ही बंदी मागे घ्यावी लागली.

सामान्य माणसाच्या लेखी ‘गंगाजळी आटली’ याचा अर्थ काय? स्वयंपाकाचा गॅस नाही, पेट्रोल नाही, दूधपावडर नाही, रुग्णालयात औषधे नाहीत. कागद आयात करता येईना म्हणून पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. मार्चच्या अखेरीस रोज 13 तासांपर्यंत वीज जाऊ लागली. इंधनाच्या रांगेत उभी असलेली वयस्कर माणसे कोसळून दगावली. 12 एप्रिलला सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोतील महागाईचा वार्षिक दर 69.8 टक्के होता, अन्नपदार्थांचा 94.9 टक्के.

मग विरोधकांवर राग कशासाठी?

सरकारवरचा राग समजायला सोपा आहे. विरोधी पक्षावरचा समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

पहिली गोष्ट अशी, की विरोधक नवे नव्हते. प्रमुख विरोधी पक्ष ‘समगी जन बलवेगय’ 2020 मध्ये जुन्या युनायटेड नॅशनल पार्टीतून फुटून निघाला होता. 2015 ते 2019 या काळात ही मंडळी सरकारात होती; पक्षाचे नेते सजित प्रेमदास स्वतः मंत्री होते. त्या सरकारच्या काळात मध्यवर्ती बँकेच्या रोख्यांचा घोटाळा गाजला, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांचे भांडण न्यायालयापर्यंत गेले आणि भारताने आगाऊ सूचना देऊनही ईस्टरचे स्फोट टळले नाहीत. कर्जाचेही तसेच. आंतरराष्ट्रीय रोखे विकून डॉलर उभे करण्याची सुरुवात 2007 मध्ये महिंद राजपक्ष यांच्या काळात झाली. पण 2015 नंतरच्या सरकारनेही असे रोखे भरपूर विकले. म्हणजे ज्या कर्जाखाली देश दबला होता, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. आकडे सगळ्यांना ठाऊक नसतील, पण दोघांनाही राज्य करताना लोकांनी पाहिले होते.

दुसरे कारण संसदेतले आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार पुन्हा प्रचंड वाढवले. तिला दोन तृतीयांश मते हवी होती आणि ती मिळवून देण्यात विरोधी बाकांवरून फुटलेल्या काही सदस्यांचा हात होता. ज्यांना राष्ट्राध्यक्षांना आवर घालण्यासाठी निवडून दिले, त्यांनीच त्यांचे हात बळकट केले. ‘225’ हा आकडा सरसकट वापरणे प्रामाणिक विरोधकांवर अन्याय करणारे होते, हे मान्य. पण त्याला आधारच नव्हता असे म्हणता येत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते श्रीलंकेपुरते नाही. अरिष्टात विरोधी पक्षाची कोंडी होते. सरकारात सामील व्हावे तर पापात वाटेकरी. दूर राहावे तर ‘देश जळतोय आणि हे गंमत बघताहेत’. 3 एप्रिल 2022 च्या रात्री पंतप्रधान वगळता सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी गोटाबायांनी सर्व पक्षांना मंत्रिमंडळात येण्याचे आवाहन केले. विरोधकांनी ते नाकारले. माझ्या मते हा नकार योग्यच होता, कारण सगळी सूत्रे राष्ट्राध्यक्षांच्याच हाती राहणार होती. पण त्यानंतर विरोधकांना स्वतःची अशी वाट आखता आली नाही. 9 मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला आणि महिंद राजपक्ष यांनी पंतप्रधानपद सोडले. त्या दिवशी गॉल फेसच्या मैदानावर गेलेल्या सजित प्रेमदासांनाही जमावाने टिकू दिले नाही. पुढचे तीन दिवस पंतप्रधानपद घ्यायचे की नाही, कोणत्या अटींवर घ्यायचे, यातच गेले. 12 मे रोजी रनिल विक्रमसिंघे यांनी शपथ घेतली. 17 मे रोजी राष्ट्राध्यक्षांविषयी नापसंती व्यक्त करणाऱ्या ठरावावर तातडीने चर्चा घ्यावी, ही विरोधकांची मागणी 119 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. रांगेत उभा असलेला माणूस यातून काय निष्कर्ष काढणार?

शिवाय, विरोधकांकडे सांगण्यासारखे गोड काहीच नव्हते. जो कोणी सत्तेत येईल त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागणार, कर वाढवावे लागणार, वीज महाग करावी लागणार, हे उघड होते. ‘आम्ही आलो की उद्या गॅस मिळेल’ असे म्हणण्याची सोयच उरली नव्हती. आणि हे सत्य लोकांना तोंडावर सांगायलाही फारसे कोणी पुढे आले नाही.

रिकामी खुर्ची कोण भरणार?

‘सगळेच जा’ ही मागणी नैतिकदृष्ट्या कितीही समजण्यासारखी असली, तरी राज्यघटनेत तिला जागा नसते. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घटनाक्रम त्यावर फिरतो.

9 जुलै 2022 रोजी लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. गोटाबाया 13 तारखेला मालदीवमार्गे देशाबाहेर पडले आणि सिंगापूरहून त्यांनी राजीनामा पाठवला. आंदोलन जिंकले होते. पण श्रीलंकेच्या राज्यघटनेचे चाळिसावे कलम सांगते, की राष्ट्राध्यक्षपद मुदतीआधी रिकामे झाले तर उरलेल्या मुदतीसाठी संसदेने आपल्याच सदस्यांतून एकाची निवड करावी. 1993 मध्ये रणसिंघे प्रेमदास यांच्या हत्येनंतर याच तरतुदीने डी. बी. विजेतुंग बिनविरोध निवडले गेले होते. 2022 मध्ये मात्र याचा अर्थ असा झाला, की जे 225 लोकांना नको होते, त्यांनीच आपल्यापैकी एकाला निवडायचे. 20 जुलैला मतदान झाले. विक्रमसिंघे यांना 134 मते मिळाली, डलस अलहप्पेरुम यांना 82 आणि अनुरा कुमार दिसानायक यांना 3. प्रेमदास आदल्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले होते आणि त्यांच्या पक्षाने अलहप्पेरुम यांना, म्हणजे मूळच्या सत्ताधारी पक्षातल्याच माणसाला, पाठिंबा दिला होता.

विक्रमसिंघे कोण? 2020 च्या निवडणुकीत स्वतःची जागा हरलेले आणि ज्यांच्या पक्षाला राष्ट्रीय यादीतून कशीबशी एकच जागा मिळाली ते. ते निवडून आले ते प्रामुख्याने राजपक्षांच्या पक्षाच्या मतांवर. दोन दिवसांनी, 22 जुलैच्या पहाटे, लष्कर आणि पोलिसांनी गॉल फेसचा आंदोलनतळ मोडून काढला.

भारतीय विद्यार्थ्याला हे अगदीच अनोळखी वाटू नये. 2013 पासून आपल्या मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली तरी जागा रिकामी राहत नाही. उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मते तो निवडून येतो. आणखी जुने उदाहरण गुजरातचे आहे. 1973 च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे दर वाढल्याने सुरू झालेले नवनिर्माण आंदोलन मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या राजीनाम्यावर थांबले नाही. विद्यार्थ्यांनी आमदारांच्या मागे लागून राजीनामे घेतले, विधानसभाच बरखास्त करा असा आग्रह धरला आणि मार्च 1974 मध्ये ती झाली. श्रीलंकेच्या आंदोलकांना जे साधले नाही ते गुजरातेत साधले, कारण राज्याची विधानसभा बरखास्त करायला वर केंद्र होते. मात्र जून 1975 मध्ये निवडणूक होऊन जनता मोर्चाचे बाबूभाई पटेल मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांना आधार घ्यावा लागला तो चिमणभाईंच्या नव्या पक्षाचा. इतिहास असाही विनोद करतो.

राग कुठे गेला?

विक्रमसिंघे यांच्या काळात रांगा ओसरल्या. भारताने 2022 मध्ये दिलेले सुमारे 4 अब्ज डॉलरचे साहाय्य आणि मार्च 2023 मध्ये नाणेनिधीने मंजूर केलेले सुमारे 3 अब्ज डॉलरचे कर्ज यांचा त्यात मोठा वाटा होता. किंमत लोकांनी मोजली: वीज महागली आणि व्हॅट जानेवारी 2024 मध्ये 18 टक्क्यांवर गेला. मार्च 2023 मध्ये व्हायच्या स्थानिक निवडणुका पैसा नाही या सबबीवर लांबवल्या गेल्या. त्याने नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये दिला.

गॉल फेसवरचा जमाव पांगला होता, राग पांगला नव्हता. 21 सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायक यांना पहिल्या पसंतीची 42 टक्के मते मिळाली. 2019 मध्ये त्यांना 3 टक्के मिळाली होती. कोणालाच निम्म्याहून जास्त मते न मिळाल्याने देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. प्रेमदास दुसरे आले आणि विक्रमसिंघे 17 टक्क्यांवर तिसरे.

दिसानायक काही आकाशातून पडलेले नव्हते. त्यांचा जनता विमुक्ती पेरमुण हा पक्ष 1971 मध्ये आणि पुन्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस सशस्त्र उठाव करून चुकला होता, 2004 मध्ये काही काळ सरकारातही होता आणि ते स्वतः ‘225’ पैकीच एक होते. पण देशाचे खाते ज्यांनी चालवले त्या दोन छावण्यांत त्यांची गणना होत नव्हती. त्यांच्या पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडीकडे संसदेत अवघ्या 3 जागा होत्या आणि नेमका हा दुबळेपणाच त्यांच्या कामी आला. 14 नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत याच आघाडीने 159 जागा जिंकल्या. प्रेमदास यांच्या पक्षाला 40 मिळाल्या. महिंद राजपक्ष आणि रनिल विक्रमसिंघे यांच्यासह अनेक जुन्या नेत्यांनी ती निवडणूक लढवलीच नाही.