आधी घटना, मग समिती

ईशान्येकडच्या मुलामुलींना आपल्या शहरांनी किती आधार दिला, याचा हिशेब मांडताना 2007 सालची एक पुस्तिका आठवते. दिल्ली पोलिसांनी ती या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून काढली होती. तोकडे कपडे टाळा, बांबूचे कोंब आणि आखुनी असले उग्र वासाचे पदार्थ शेजारीपाजारी गोंधळ न होता शिजवा, असा त्यात सल्ला. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. आपल्या चाळींत सुकट भाजली की शेजारी नाक मुरडतात. त्यापायी पोलिसांनी पुस्तिका काढल्याचं ऐकिवात नाही. छळणाऱ्याला सोडून सोसणाऱ्यालाच शहाणपण शिकवायचं, ही आपली जुनी खोड.

महाराष्ट्रात एक प्रयत्न फार आधी झाला होता. 1966 मध्ये पद्मनाभ आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभाविपतर्फे ‘सील’ हा उपक्रम सुरू केला. ईशान्येतले विद्यार्थी इथे येऊन कुणाच्या तरी घरी राहायचे, त्यांच्या पंगतीला बसायचे. त्यामागच्या राजकारणाबद्दल मतभेद असोत, घरात जागा देणं हा खरा आधार होता.

ऑगस्ट 2012 मध्ये मात्र तो कुठे दिसला नाही. आसाममधल्या कोक्राझारच्या हिंसाचाराचे पडसाद उमटले, पुण्यात मणिपुरी तरुणांना मारहाण झाली आणि मोबाइलवर अफवा फिरू लागल्या. पुणे, चेन्नई, बंगळुरू इथून हजारो जण गाव गाठायला निघाले. बंगळुरूहून गुवाहाटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारनं एकगठ्ठा एसएमएसवर पंधरा दिवस बंदी घातली. त्याच वर्षी गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं, की ‘चिंकी’ म्हणणाऱ्यावर ॲट्रॉसिटी लागू शकते. पण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता. मणिपूरच्या मैतेईंचा जमातींच्या यादीत समावेश नाही. शिवी तीच, दाद मात्र मिळायची नाही.

29 जानेवारी 2014 ला लाजपतनगरात केसांवरून झालेल्या टिंगलीचं पर्यवसान मारहाणीत झालं. दुसऱ्या दिवशी निडो तानिया हा अरुणाचलचा तरुण गेला. तो आमदाराचा मुलगा होता. मग बेझबारुआ समिती नेमली गेली. तिनं जुलैमध्ये अहवाल दिला आणि वांशिक अवमानासाठी दंड संहितेत नवी कलमं सुचवली. दिल्लीत 1093 ही हेल्पलाइन आली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. 2020 मध्ये याच मुलांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या, आणि केंद्राला पुन्हा राज्यांना पत्र लिहावं लागलं.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. अख्खी संहिता नव्यानं लिहिली जात असताना बेझबारुआ समितीच्या शिफारशीला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. संहितेच्या कलम 103 मध्ये वंशाचा उल्लेख आहे, पण पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तरच. रस्त्यात वंशावरून हिणवणाऱ्या एकट्यादुकट्यासाठी समितीनं मागितलेलं वेगळं कलम या संहितेत घातलेलं नाही.