सहलीच्या यादीत नाट्यगृह हवे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. कोल्हापूरला येणाऱ्या सहलींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळा आणि वेळ उरलाच तर जोतिबा. मुले दमतात, मजा करतात आणि घरी गेल्यावर 'काय पाहिलंस?' या प्रश्नाला 'खूप काही' एवढेच उत्तर देतात. या यादीतले एखादे ठिकाण कमी करून तिथे दोन नवी ठिकाणे घालावीत, असे मला आज सुचवायचे आहे. एक केशवराव भोसले नाट्यगृह आणि दुसरे टाऊन हॉलमधले वस्तुसंग्रहालय.

नाट्यगृहात नाटक नसताना मुलांना काय दाखवायचे, अशी शंका शिक्षकांना येते. पण नाटक नसते तेव्हाच नाट्यगृह नीट पाहता येते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे नाट्यगृह बांधून घेतले. तेव्हाचे त्याचे नाव पॅलेस थिएटर. त्याला लागूनच खासबाग कुस्ती मैदान आहे. १९०२ साली महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. मैदान खोलगट आहे. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. त्यामुळे मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. गाणे आणि कुस्ती यांना शेजारी शेजारी जागा देणारा राजा कसा विचार करत असेल, हा प्रश्न मुलांना तिथे उभे राहूनच विचारावा. वर्गात त्याचे उत्तर इतके चांगले मिळत नाही.

दुसरा प्रश्न आवाजाचा. १९१५ साली रंगमंचावर ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचे गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे ते गळ्याच्या आणि इमारतीच्या जोरावर. हे सांगून कळत नाही, करून कळते. एका मुलाला पुढे उभे करावे, बाकीच्यांना लांब बसवावे आणि त्याला पाठ असलेली कविता म्हणायला सांगावी. नाट्यगृहात शक्य नसेल तर खासबागेत हा प्रयोग करता येईल. ओरडणे वेगळे आणि आवाज टाकणे वेगळे, हे पाच मिनिटांत मुलांच्या ध्यानात येते.

मग केशवरावांची गोष्ट सांगावी. १८९० साली जन्मलेले केशवराव लहानपणीच रंगभूमीवर आले आणि 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुष आणि मुलगेच करत. १९०८ साली, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात बालगंधर्व आणि केशवराव एकत्र उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले. वय एकतीस. पुढे या नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

नाटकाच्या पडद्याचीही एक गोष्ट आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. रंगवलेल्या पडद्यावरून त्यांचे लक्ष हलत्या चित्रांकडे वळले. आनंदराव लवकर वारले. बाबूरावांनी कॅमेरा तयार करून 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली पडद्यावर आणला. १९२९ साली 'प्रभात' कंपनी निघाली तीही याच गावात. म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाची एक वाट नाटकाच्या मांडवातून आलेली आहे.

आता वस्तुसंग्रहालयाकडे वळू. आपल्या सहली इथे फसतात त्या घाईमुळे. मुलांची रांग काचेच्या कपाटांपुढून सरकत राहते आणि अर्ध्या तासात सगळे 'पाहून' होते. त्यापेक्षा पाचच वस्तू निवडाव्यात. टाऊन हॉलमध्ये त्यातली एक हमखास निवडावी. ती म्हणजे ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झाले, त्यात ती मिळाली. कोल्हापूरला ना समुद्र, ना बंदर. मग परक्या देशाचा सागरदेव इथे आला कसा? मुलांना तर्क करू द्यावा. कोकणातली बंदरे, तिथून घाट चढून येणारा माल आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमशी चालणारा व्यापार यांची साखळी मुले स्वतः जुळवतात. जुळवलेले ती विसरत नाहीत.

हा सगळा खटाटोप कशासाठी? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच आणि छत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कलावंत रडले, वयस्क रसिक हळहळले, कारण त्यांच्या आठवणी तिथे होत्या. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. भिंती आणि छत पैशाने उभे राहते. पण ज्या मुलाने ती वास्तू कधी पाहिलीच नाही, त्याला तिच्या असण्या-नसण्याचे काय? उद्या तिची निगा राखायची की नाही, हे तोच ठरवणार आहे.

तेव्हा यंदाची सहल आखताना मुख्याध्यापकांनी एवढे करावे. नाट्यगृह महापालिकेचे आहे; आत कितपत जाता येईल, हे तिथे आधी विचारून घ्यावे. वस्तुसंग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी पाहून दिवस ठरवावा. चाळीस-पन्नास मुलांचे दोन गट करावेत. एक नाट्यगृहाकडे, दुसरा टाऊन हॉलमध्ये, दुपारनंतर अदलाबदल. परत आल्यावर निबंध लिहायला लावू नये. प्रत्येकाने घरी जाऊन एकच गोष्ट आजी-आजोबांना सांगावी आणि त्यांनी पाहिलेल्या नाटकाची एक गोष्ट ऐकून यावी. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या गोष्टी मोजाव्यात. सहल किती साधली, ते त्यावरून कळेल.