मोरीत पडल्याच्या जखमा

सकाळची दहाची वेळ. ओपीडीत केसपेपर हातात धरून तिशीतली एक बाई बसलेली असते. डाव्या डोळ्याखाली काळेनिळे झालेले, मनगट सुजलेले. शेजारी सासू, नाहीतर नवरा. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" बाई तोंड उघडायच्या आत शेजारून उत्तर येते, "मोरीत पाय घसरला." बाई मान खाली घालून होकार देते. डॉक्टर पट्टी बांधतात, दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या लिहून देतात, कागदावर ‘पडल्यामुळे दुखापत’ अशी नोंद करतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतात. बाहेर रांग लागलेली असते. दोन महिन्यांनी तीच बाई पुन्हा येते. या खेपेला ती जिन्यावरून पडलेली असते.

वाचकहो, हे दृश्य कुठल्याही तालुक्याच्या गावी नवे नाही. आपण म्हणतो, भांड्याला भांडे लागायचेच. पण भांड्याला भांडे लागून मनगट मोडत नाही. आरोग्याच्या सदरात हा विषय घेण्याचे कारण हेच, की घरातल्या मारहाणीची जखम सर्वांत आधी पाहतो तो डॉक्टर. पोलीस, वकील आणि न्यायाधीश पुष्कळ नंतर येतात, आणि बहुतेक वेळा येतच नाहीत.

दुखणे किती मोठे?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांना हा प्रश्न विचारला गेला. देशात शंभरातल्या सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याहून विचार करायला लावणारा आकडा पुढचा आहे. हिंसा सोसलेल्या शंभर जणींपैकी जेमतेम १४ जणींनी कोणाची तरी मदत मागितली होती. ७७ जणींनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणाला सांगितलेही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्याचे परिणाम जखमेपुरते राहत नाहीत. सततची डोकेदुखी, झोप न लागणे, छातीत धडधड, अंगदुखी, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन या स्त्रिया वर्षानुवर्षे दवाखान्याच्या पायऱ्या चढतात. तपासण्यांत काही सापडत नाही आणि टॉनिकच्या बाटल्या वाढत जातात. गरोदरपणी मारहाण झाली तर गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजनाचे मूल असे धोके वाढतात. विष घेऊन किंवा जळून आलेल्या स्त्रियांच्या ‘चुकून झालं’ या वाक्यामागेही पुष्कळदा हीच कथा असते.

पाच दारे, पाच वेळा तीच कहाणी

समजा, एखादी बाई धीर करून बाहेर पडली. मग काय होते? दवाखान्यात तिला विचारतात, पोलिसांत गेलात का? ठाण्यावर सांगतात, आधी दवाखान्याचा कागद आणा. कागद आणला तर त्यावर ‘पडल्यामुळे दुखापत’. कोणी म्हणते वकील करा, कोणी म्हणते घरचे आहे, समजुतीने घ्या. प्रत्येक टेबलापुढे तीच कहाणी नव्याने सांगायची, तेच रडू नव्याने आवरायचे. त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, पोर कडेवर असते आणि संध्याकाळी त्याच घरी परतायचे असते. तिसऱ्या दारापर्यंत तिचे अवसान गळते. ती घरी जाते आणि मारणाऱ्याला कळते, की हिचे कोणी काही ऐकत नाही. मग मार वाढतो.

यात प्रत्येक माणूस दुष्ट असतो असे नाही. डॉक्टर आपले काम करतो, हवालदार आपले, कारकून आपले. पण एकाचे काम संपते तिथून दुसऱ्याचे सुरू होत नाही. मधल्या फटीत बाई पडते.

ही फट बुजवायचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. मिनेसोटा राज्यात ड्युलुथ नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, तुरुंग खाते आणि स्त्रियांचे निवारागृह यांना एकत्र बसवून एक व्यवस्था ठरवण्यात आली. कोणी काय करायचे, काय लिहायचे आणि ते पुढे कोणाला कळवायचे, याचे लेखी नियम झाले. बाईने मारणाऱ्याला आवरावे अशी अपेक्षा सोडून तो भार शहरातल्या कचेऱ्यांनी उचलायचा, हे त्यामागचे सूत्र. पुढे अनेक देशांनी हा नमुना आपापल्या परीने घेतला.

मुंबईचा ‘दिलासा’

आपल्याकडेही काम आधीपासून चालू होते. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. पुढे राज्य शासनाने हे काम आपलेसे केले आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले.

पण पोलिसांची पायरी चढायलाच बाई घाबरते, तिचे काय? याचे उत्तर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात शोधले गेले. मुंबई महानगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून तिथे ‘दिलासा’ हे केंद्र उघडले. विचार साधा होता. दवाखान्यात जाते म्हटल्यावर बाईला घरातून सहसा कोणी अडवत नाही. तेव्हा मदत तिथेच ठेवावी.

‘दिलासा’ रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालते. डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी यांना मारहाणीच्या खुणा ओळखायला शिकवले जाते. तोल जाऊन पडणाऱ्या माणसाला बहुधा तळहात, गुडघे, कोपर इथे खरचटते. कान, गळा, पाठ, पोट, छाती, दंडाची आतली बाजू अशा जागी मार असेल, नवे आणि जुने वळ एकत्र दिसत असतील, तर शंका घ्यावी. शंका आली की बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारावे. सोबतच्या माणसापुढे विचारू नये. "घरी कोणी मारतं का? तुम्ही सांगितलंत तर ते इथेच राहील," एवढे दोन शब्दही पुरतात. बाई बोलली की तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायचे. तिथे तिचे ऐकून घेतात, ‘तुमचं काही चुकलेलं नाही’ हे स्पष्ट सांगतात, आज घरी जाणे सुरक्षित आहे का याचा अंदाज घेतात. सुरक्षित नसेल तर एक-दोन रात्री वॉर्डातच ठेवून घेण्याची सोय होते. पोलीस, वकील, निवारागृह यांच्याशी पुढचे बोलणे केंद्र करते.

हा नमुना पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत गेला.

कागदाचे महत्त्व

या सगळ्या साखळीत एक गोष्ट कळीची आहे, ती म्हणजे पहिल्या डॉक्टरने लिहिलेला कागद. वळ आठवड्याभरात जातो, कागद राहतो. कोणी मारले, कशाने मारले, केव्हा मारले, हे बाईच्याच शब्दांत त्यावर हवे. जखम शरीरावर कुठे, किती मोठी, कोणत्या रंगाची, हेही हवे. अशी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे आपण ज्याला एमएलसी म्हणतो ती, केली म्हणजे लगेच खटला उभा राहतो असे नाही. आज तक्रार करायची नसली तरी सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी तोच कागद कामी येतो. ‘पडल्यामुळे’ या एका शब्दाने मात्र पुढची सगळी दारे अवघड होतात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याने ही साखळी सर्व देशासाठी आखून दिली आहे. मदत मागणाऱ्या स्त्रीला उपचार देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. आधी कुठला अहवाल आणा, अशी अट घालता येत नाही. घटनेचा अहवाल झालेला नसेल तर तो रुग्णालयाच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणीची प्रत बाईला मोफत द्यायची असते. पोलिसांनी तिला तिचे हक्क आणि मदतीच्या जागा सांगायच्या असतात. न्यायदंडाधिकारी मारहाणीला मनाई, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा असे हुकूम देऊ शकतात. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याशिवाय नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी फौजदारी कलम वेगळे आहे. जुने ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ व्या कलमात आले आहे.

कायदा चांगला, पण त्याचा कणा असलेला संरक्षण अधिकारी अनेक ठिकाणी दुसऱ्या कामांच्या ओझ्याखाली असतो. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले, की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण आणि कुठे बसतो, हे किती वाचकांना ठाऊक आहे? महिला मंडळांनी, ग्रामपंचायत व नगरपालिकेच्या सभासदांनी ते विचारावे. त्याचे नाव आणि फोन रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी लावायला सांगावे. सरकारी रुग्णालय, पोलीस ठाणे, संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसावे. मागल्या महिन्यात आलेल्या बायकांपैकी कोणाचे काम कुठे अडले, एवढेच पाहावे. याला नवी इमारत लागत नाही.

काय करावे?

मार खाणाऱ्या भगिनींसाठी काही गोष्टी नीट लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

१) दवाखान्यात खरे कारण सांगा. घरचे माणूस सोबत असेल तर ‘सिस्टरशी एकटीला बोलायचं आहे’ म्हणा. कागदावर काय लिहिले ते वाचून घ्या, प्रत मागा आणि ती माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

२) गळा दाबला गेला असेल तर वरून वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणे ही धोक्याची लक्षणे आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जिवावर बेतते. गळा दाबणारा हात पुढे जीव घेण्यापर्यंत जाण्याचा धोका फार मोठा असतो.

३) आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे, रोजची औषधे एका पिशवीत हाताशी ठेवा.

४) जिवावर बेतले तर ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१. स्त्रीला सरकारी वकिली मदत मोफत मिळते, तिला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. जिल्ह्याच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन, पोलीस व कायद्याची मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळावा अशी योजना आहे.

५) जीव द्यावासा वाटत असेल, तसा प्रयत्न झाला असेल, तर पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा करण्याऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

शेजाऱ्यांनी आणि नातलगांनी एवढेच करावे: भिंतीपलीकडून ओरडणे ऐकू आले तर दार वाजवावे, गरज पडली तर फोन करावा. दुसऱ्या दिवशी बाई एकटी भेटेल तेव्हा हळूच विचारावे. ‘नांदायला जा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला मात्र देऊ नये. मारणारा आणि मार खाणारी यांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाईही करू नये. भीतीपोटी दिलेली कबुली म्हणजे समेट नव्हे.

आणि आमच्या डॉक्टर मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी कोणी ‘मोरीत पडले’ म्हणाली, तर पेन उचलण्याआधी सोबतच्या माणसाला दोन मिनिटे बाहेर बसायला सांगा. रांग थोडी थांबेल. पण त्या दोन मिनिटांत लिहिलेली एक खरी ओळ त्या बाईला पुढची चार दारे उघडून देऊ शकते.