सूर्य बुडाला तरी थांबा

गिरगाव चौपाटीवरून पाण्यापलीकडच्या नरिमन पॉइंटचा फोटो घेणारे बहुतेकजण सूर्य बुडताच निघतात. खरे चित्र त्यानंतर जमते. सूर्य क्षितिजावर असताना आकाश इतके उजळ असते की खिडक्यांतले दिवे त्यापुढे फिके पडतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या संधिप्रकाशात आकाश झपाट्याने मंदावते, दिव्यांचा उजेड मात्र तेवढाच राहतो. दोन्ही जुळतात ती थोडी मिनिटेच कामाची. तेव्हाचा गडद निळा रंग मुख्यतः ओझोनची देणगी: वातावरणातून तिरपा, लांबचा प्रवास करणाऱ्या प्रकाशातला नारिंगी भाग तो शोषून घेतो. मुंबईत सूर्य क्षितिजाकडे बराच सरळ उतरतो, म्हणून हा संधिप्रकाश जेमतेम २०-२५ मिनिटे टिकतो. लंडनला तो बराच लांबतो.

आजचे मोबाइल अनेक फोटो एकत्र करून उजेडातली तफावत सांधतात, मग थांबायचे कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण त्या फोटोंच्या दरम्यान लाटा हलतात आणि प्रतिबिंबे विस्कटतात. शिवाय सूर्यास्ताला जे दिवे लागलेलेच नसतात, ते कोणतेही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे लावू शकत नाही. तेव्हा ट्रायपॉड उभा करा आणि सूर्यास्तानंतर निदान २० मिनिटे तिथून हलू नका.