सीझनला दुकान सजवताय? आधी हे वाचा

व्हिडिओत राहिलेला मुद्दा इथे सांगतो.

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 1969 पासून 'हाँटेड मॅन्शन' ही भुताची हवेली आहे. 2001 पासून बहुतेक दरवर्षी हॅलोविन ते ख्रिसमस तिची सजावट आणि संगीत बदलतात. राइड तीच, रूप नवं. नेहमीची मंडळी खूश, पुन्हा येतात. पण लांबून एकदाच आलेला माणूस हळहळतो, त्याला मूळची हवेली बघायची असते.

माझंही तसंच झालं. दिवाळीत कंदील पुढे मांडले, वह्या-पेनं मागे गेली. रोजची गिऱ्हाइकं 'माल संपला वाटतं' म्हणत परत फिरली.

म्हणून सीझनचा माल दर्शनी ठेवा, पण रोजचा माल हाताशी असू द्या. तुमच्याकडे सणाला काय मागे जातं? आजच बघा.